हशा कुठे थांबला, ते लेखकाला सांगा

सांगली, मिरज, तासगाव, विटा या पट्ट्यात लघुपट करणारी मुलेमुली आता जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयात भेटतात. चित्रीकरण मोबाइलवर होते, संकलनही बहुतेक वेळा मोबाइलवरच होते, आणि कलाकार म्हणून वर्गमित्र, मामा, शेजारच्या काकू असे सगळे हौसेने उभे राहतात. यांतल्या बऱ्याच जणांना विनोदी लघुपट करायचा असतो. दहाबारा पानांची पटकथा लिहिली जाते, ती मित्रांना पाठवली जाते, 'भारी झालंय', 'एक नंबर', 'हसून हसून पोट दुखलं' अशी उत्तरे येतात आणि पुढच्या रविवारी चित्रीकरण सुरू होते. महिन्याभराने तो लघुपट एखाद्या स्पर्धेत, भरलेल्या सभागृहात दाखवला जातो आणि जिथे हशा यायला हवा होता तिथे कुणी तरी खोकते. निकाल लागतो, पहिल्या तिघांची नावे पुकारली जातात, मानचिन्हे दिली जातात. उरलेली मुले आपले नेमके कुठे फसले हे न कळताच घरी जातात.

माझे म्हणणे असे आहे की, लघुपट स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांनी, महाविद्यालयांच्या कलामंडळांनी आणि शक्य असेल तिथे वाचनालयांनीही चित्रीकरणाच्या आधी पटकथा मागवून घ्यावी, ती जाणत्या माणसाला वाचायला द्यावी आणि लेखकाच्या हाती लेखी अभिप्राय ठेवावा. हे काम निकाल जाहीर करण्याइतकेच स्पर्धेचे कर्तव्य मानले जावे, आणि त्याची सुरुवात विनोदी पटकथांपासून व्हावी. 'साधी दहा मिनिटांची गंमत तर आहे, तिचा एवढा काथ्याकूट कशाला' अशी प्रतिक्रिया यावर येते. विनोदाला हलके लेखण्याची ही सवयच मला घातक वाटते. गंभीर लघुपटात एखादा प्रसंग सैल झाला तरी प्रेक्षक सहानुभूतीने बसून राहतो. विनोदात सैलपणा आला की तो त्याच क्षणी सभागृहात ऐकू येतो आणि पडद्यावरच्या कलाकाराला तो सावरता येत नाही.

या शेवटच्या मुद्द्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण आपल्या जिल्ह्याची विनोदाची सारी परंपरा जिवंत प्रेक्षकासमोर घडलेली आहे. १८४३ साली चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' रंगवले, तेव्हा सूत्रधार पदे म्हणत असे आणि पात्रे आपली भाषणे बरीचशी आयत्या वेळी करत. त्या रंगमंचावर विदूषकही होता, आणि समोरच्या लोकांचा कल पाहून तो आपले बोलणे वाढवू किंवा आवरू शकत होता. तमाशातल्या बतावणीच्या विनोदी संवादांत आणि वगनाट्यात हेच घडत आले. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांच्या जोडीने गावोगावच्या कनातीत प्रेक्षकांना हसवले, आणि त्या हसवण्याला रोज रात्री नवी कसोटी मिळत होती. काल जे वाक्य पडले ते आज निराळ्या ठिकाणी टाकून पाहण्याची, आवाज बदलण्याची, थांबा वाढवण्याची सोय त्या कलावंतांना होती. त्यांचा प्रेक्षक हाच त्यांचा अभिप्राय होता आणि तो रोज मिळत होता.

लघुपटाच्या लेखकाला ही सोय नाही. एकदा दृश्य चित्रित झाले की थांबा तेवढाच राहतो, आवाज तोच राहतो, आणि संकलनात फार तर काही सेकंद कापता येतात. म्हणजे जी दुरुस्ती तमाशातला सोंगाड्या शंभर रात्रींत करत असे, ती लघुपटाच्या लेखकाला कागदावरच करून घ्यावी लागते. त्या वेळी त्याच्यासमोर प्रेक्षक नसतो, फक्त वाचक असतो. तो वाचक मित्र असेल तर स्तुती करतो. नाटकाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे तरी जाते, पण त्या वाचनाचा हेतू आक्षेपार्ह काही आहे का हे पाहण्याचा असतो, संहिता चांगली कशी होईल हा नसतो. लघुपटाच्या वाट्याला तेवढेही वाचन येत नाही.

आता अभिप्राय कसा द्यावा या मुख्य प्रश्नाकडे येतो. त्यासाठी एक कल्पित पटकथा समोर धरू, कारण प्रत्यक्ष पानाशिवाय हे बोलणे हवेत राहते.

पटकथा बारा पानांची आहे. सांगलीच्या गावभागातला जुना वाडा, पावसाळ्याचे दिवस. दोन भाऊ एकाच वाड्यात राहतात आणि कित्येक वर्षे एकमेकांशी बोललेले नाहीत. थोरले अण्णा, धाकटे विलासराव. तळमजला दोघांनी वाटून घेतला आहे, पण माडी कुणाची हा वाद मिटलेला नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी ४० फुटांच्या इशारा रेषेला लागल्याची बातमी येते आणि दोन्ही घरांना सामान माडीवर हलवावे लागणार असे दिसते. ४५ फूट ही धोक्याची पातळी. जो आधी माडी चढेल त्याने माडीवर हक्क सांगितल्यासारखे होईल, म्हणून एकही भाऊ दुसऱ्याला आधी चढू देत नाही. दोघांचे बोलणे अण्णांच्या आठ वर्षांच्या नातीमार्फत, मनूमार्फत, चालते. शेवटी दोघांनाही हवे असलेले आईचे शिसवी कपाट वर नेताना जिन्यात अडकते. अण्णा वरच्या बाजूला, विलासराव खालच्या बाजूला, मध्ये कपाट, आणि कपाटाखालच्या फटीतून निरोप घेऊन सरपटत ये-जा करणारी मनू.

हे बीज उत्तम आहे. सांगलीच्या माणसाला ते लगेच भिडेल, कारण पावसाळ्यात इथे 'आयर्विनला पाणी किती?' हा प्रश्न नमस्काराच्या आधी विचारला जातो. अभिप्राय देणाऱ्याने सर्वांत आधी ही गोष्ट लेखकाला स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे, आणि ती मन राखण्यासाठी नव्हे. लेखकाला बहुतेक वेळा आपल्या पटकथेतली खरी ताकद कुठे आहे हे ठाऊक नसते. तो पहिल्या पानावरच्या कोटीवर खूश असतो आणि जिन्यात अडकलेल्या कपाटाकडे केवळ एक घटना म्हणून पाहतो. 'तुमचा लघुपट या कपाटात आहे' हे वाक्य त्याला मिळाले की पुढचे निम्मे काम सोपे होते.

त्यानंतर पानांचा हिशेब. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट हा सर्वमान्य ठोकताळा आहे. देवनागरीत, आणि प्रत्येक जण वेगळ्या आकाराच्या टंकात लिहीत असताना, तो काटेकोर लागू होत नाही, पण अंदाजाला पुरेसा आहे. आपल्या या पटकथेत कपाट अडकते सातव्या पानावर. पहिल्या तीन पानांत जाड्या शेजाऱ्यावरचे विनोद आहेत, दोन जावांची परसातली कुरबुर आहे, मोबाइलला नेटवर्क नसल्याची तक्रार आहे. म्हणजे बारा मिनिटांच्या लघुपटात प्रेक्षक पहिली सहा मिनिटे दाराबाहेर उभा आहे. 'सुरुवात संथ वाटते' असा शेरा इथे निरुपयोगी ठरतो. 'कपाट सातव्या पानावर अडकते, ते चौथ्या पानावर अडकले तर पहिल्या तीन पानांतले काय ठेवावे लागेल आणि काय आपोआप गळेल?' असे विचारले की लेखकाच्या हाती करण्यासारखे काम पडते.

मी स्वतः विनोदी पटकथा दोनदा वाचल्याशिवाय अभिप्राय लिहू नये या मताचा आहे. पहिले वाचन सरळ, न थांबता, सिनेमा चालतो त्या वेगाने. हातात पेन्सिल असेल तर तिने एवढेच करावे की, जिथे ओठ हलले तिथे समासात टिंब द्यावे आणि जिथे मागे जाऊन पुन्हा वाचावे लागले तिथे फुली मारावी. ही पहिली खूण पुन्हा मिळत नाही. दुसऱ्या वाचनात आपल्याला पंच, म्हणजे हसवणारा नेमका शब्द किंवा क्षण, माहीत झालेला असतो, आणि मग आपण कारागिरीचे कौतुक करतो किंवा उणिवा काढतो, हसत मात्र नाही. टिंबांचा हा नकाशा लेखकाला जसाच्या तसा देणे ही मोठी मदत आहे. आठव्या पानावर चार टिंबे आणि नवव्या व दहाव्या पानांवर एकही नाही, हे पाहिल्यावर त्याला कुणी व्याख्यान देण्याची गरज राहत नाही.

आता आठवे पान जवळून पाहू, कारण इथे पटकथा खरोखर जमली आहे. दोघे भाऊ कपाटाच्या दोन बाजूंना, हाताच्या अंतरावर उभे आहेत. अण्णा म्हणतात, 'मनू, त्यांना सांग, डावीकडनं उचला म्हणावं.' मनू खालून म्हणते, 'आजोबा, ऐकलंय की त्यांनी.' अण्णा म्हणतात, 'तू सांग.' मनू सांगते. विलासराव म्हणतात, 'त्यांना विचार, कुणाच्या डावीकडनं?' हे चांगले लिहिलेले आहे. इथे कोटी नाही, विनोदी म्हणून योजलेले एकही वाक्य नाही. प्रत्येक जण अगदी गंभीरपणे आपल्या हट्टाला चिकटून आहे आणि म्हणूनच हसू येते. आणि लगेच खाली लेखकाने क्रियेच्या ओळीत, म्हणजे पडद्यावर काय दिसते ते सांगणाऱ्या ओळीत, लिहिले आहे: 'आपले भांडण किती पोरकट आहे, हे दोघांनाही मनातून जाणवते.' हे जाणवले तर विनोद तिथेच संपला, कारण त्यांना जाणवत नाही यावरच तर सारे उभे आहे. शिवाय हे जाणवणे कॅमेऱ्याला दिसणार कसे? नवोदितांच्या विनोदी पटकथांत हा दोष वारंवार आढळतो. पंच पडल्यावर लेखकाला धीर धरवत नाही, आणि तो पात्राच्या तोंडून किंवा कंसातल्या सूचनेतून पंच समजावून सांगतो. अभिप्रायात अशा ओळीखाली रेघ ओढून एवढेच लिहावे: 'ही ओळ वाचेपर्यंत मी हसत होतो.'

निरोपांचा हा खेळ पटकथेत सहा वेळा येतो, आणि सहाही वेळा त्याच पद्धतीने. पहिल्या वेळी प्रेक्षकाला खेळ कळतो, दुसऱ्या वेळी तो त्याची वाट पाहू लागतो, तिसऱ्या वेळी काही तरी मोडले नाही तर चौथ्या वेळी कंटाळा येतो. पुनरुक्तीचे हे गणित विनोदात सगळीकडे लागू पडते. पण इथेच अभिप्राय देणाऱ्याची परीक्षा असते. तिसऱ्या वेळी काय व्हावे, हे त्याला चटकन सुचते आणि ते सांगण्याचा मोह आवरत नाही. तो आवरलाच पाहिजे. आपण सुचवलेला विनोद आपल्या स्वभावाचा असतो, तो लेखकाच्या पात्राच्या तोंडी उसना वाटतो. शिवाय वयाने किंवा मानाने मोठ्या माणसाने सुचवले की नवा लेखक ते निमूटपणे घालून टाकतो आणि पटकथा दोघांचीही राहत नाही. त्यापेक्षा प्रश्न विचारावा. 'मनूला स्वतःला या साऱ्यातून काय हवे आहे?' आठ वर्षांच्या मुलीला भूक लागली असेल, झोप आली असेल, बाहेर आलेली बोट पाहायला जायचे असेल. तिला काही हवे असेल तर तिसऱ्या वेळी ती निरोप जसाच्या तसा पोचवणार नाही. काय बदलून पोचवेल, ते लेखकाने शोधावे.

दुसरा प्रश्न थोडा खोल आहे आणि त्यासाठी आपल्या मातीतलेच उदाहरण आहे. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी फ्रेंच नाटककार मोलिएरच्या प्रहसनाच्या इंग्रजी रूपांतरावरून १८९३ साली 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक लिहिले, आणि पुढे तेच पदांसह 'संगीत संशयकल्लोळ' म्हणून १९१६ साली रंगभूमीवर आले. तसबीर नायिका रेवतीच्या हातून पडते, ती संशयी फाल्गुनरावाच्या बायकोच्या हाती लागते, आणि परपुरुषाची तसबीर बायकोच्या हातात पाहून फाल्गुनराव पेटतो. बायकोनेही नवऱ्याला मूर्च्छित रेवतीला सावरताना पाहिलेले असते, म्हणून तीही पेटलेली असते. या साऱ्याचा पाया एवढाच की, तसबीर कुठून आली हे प्रेक्षकाला ठाऊक आहे आणि पात्रांना ठाऊक नाही. देवलांनी ते प्रेक्षकापासून लपवून शेवटी उघड केले असते, तर एक चकित करणारा क्षण मिळाला असता, आणि दोन-तीन तासांचा हशा गेला असता.

आपल्या पटकथेत नेमके उलटे झाले आहे. पाणी दुपारीच उतरू लागले होते, ही गोष्ट लेखकाने अकराव्या पानापर्यंत राखून ठेवली आहे. कोयनेतला विसर्ग कमी केल्याची बातमी शेजारी ओरडून सांगतो आणि सगळे चकित होतात. अभिप्रायात विचारावे: 'पाणी उतरते आहे हे प्रेक्षकाला सहाव्या पानावर कळले आणि भावांना कळले नाही, तर सातव्यापासून दहाव्या पानापर्यंतचे प्रत्येक वाक्य कसे ऐकू येईल?' कोणाला काय माहीत आहे आणि केव्हा माहीत होते, हा विनोदी पटकथेला विचारण्याजोगा सर्वांत फलदायी प्रश्न आहे असे मला वाटते. आवडीनिवडीचा त्यात काही संबंध येत नाही, आणि म्हणून अनोळखी लेखकाशीही त्यावर स्पष्ट बोलता येते.

वाक्याच्या पातळीवर मराठीची एक स्वतंत्र अडचण आहे. आपले क्रियापद शेवटी येते, आणि हसवणारा शब्द बऱ्याचदा त्याच्या आधी, वाक्याच्या पोटात अडकतो. मनूच्या तोंडी वाक्य आहे: 'पाणी पंचेचाळीस फूट होईपर्यंत बोलायचं नाही असं अण्णांनी सांगितलंय मला.' हसू 'बोलायचं नाही'पाशी येते आणि पुढचे तीन-चार शब्द त्यावर पाणी ओततात. 'अण्णांनी सांगितलंय मला, पाणी पंचेचाळीस फूट होईपर्यंत बोलायचं नाही.' एक 'असं' गळाले, बाकी शब्द तेच आहेत, फक्त जागा बदलली आहे. बोलीमराठीत शब्द मागेपुढे करण्याची भरपूर मोकळीक आहे, आणि आपल्या भागातल्या 'की'सारख्या शेवटच्या ठेक्याने तर वाक्याला आपोआप थांबा मिळतो. मात्र पहिल्या खर्ड्यावर अशा दुरुस्त्या करत बसू नये. जे दृश्य पुढे गळणारच आहे त्यातली वाक्ये घासून लेखकाचा वेळ जातो, आणि वाईट हे की घासलेले दृश्य मग त्याला टाकवत नाही. पहिल्या खर्ड्याला बांधणीचे दोन-तीन मोठे मुद्दे सांगावेत, वाक्ये दुसऱ्या-तिसऱ्या खर्ड्यात पाहावीत.

आता बोलीविषयी. याच पटकथेत गणपा नावाचा गडी आहे, तो शिराळ्याकडचा आहे, आणि त्याचे काम एवढेच की 'व्हय', 'न्हाई', 'लई' म्हणायचे आणि इंग्रजी शब्द चुकीचे उच्चारायचे. दूरचित्रवाणीवरच्या विनोदी कार्यक्रमांनी गावाकडची बोली हेच हसण्याचे कारण करून ठेवले आहे आणि आमची मुले आपल्याच आजी-आजोबांची भाषा त्याच पद्धतीने लिहू लागली आहेत. याचे मला मनापासून वाईट वाटते. अभिप्राय देणाऱ्याने इथे उपदेश करू नये, एक चाचणी सुचवावी. गणपाची वाक्ये प्रमाण मराठीत लिहून पाहा. विनोद उरला तर तो गणपाचा आहे, मग बोली खुशाल परत आणा, ती त्याला शोभेल. काहीच उरले नाही तर गणपाला पटकथेत काम नाही. हीच चाचणी त्या दोन जावांनाही लावावी. त्यांना कुरबुरीपलीकडे एकही वाक्य दिलेले नाही, जणू वाड्यातल्या बायकांना माडी, कपाट, सासूची आठवण यांविषयी स्वतःचे मतच नव्हते.

पुरावर विनोद करावा का, हा प्रश्नही कुणी तरी विचारणारच, आणि त्याला बगल देऊ नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांवर गेले, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे बुडाली, कित्येक घरांत छतापर्यंत चिखल होता. हे ज्यांनी पाहिले आहे ते प्रेक्षक समोर बसणार आहेत. माझ्या मते पुरात अडकलेल्या माणसांच्या हट्टावर, लोभावर, मानापमानावर जरूर हसावे, कारण ते हसणे आपण स्वतःवरच हसतो. त्यांच्या असहाय्यतेवर हसू नये. पटकथेत छपरावर बसून ओरडणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईवर विनोद आहे. तो लेखकाला स्पष्टपणे दाखवावा आणि का खटकतो तेही सांगावे. 'लोकांना आवडणार नाही' असे मोघम बोलून त्याला घाबरवू नये.

शेवटच्या पानावर कपाटाची फळी निघते, आत आईची चिठ्ठी सापडते, भाऊ गळ्यात गळा घालून रडतात. विनोदी लेखनाने शेवटी डोळे ओले केलेच पाहिजेत, नाही तर ते उथळ, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे, आणि परीक्षकही अशा शेवटाला गुण देतात. मला तो लेखकाचा आत्मविश्वास ढळल्याचे लक्षण वाटतो. अकरा पाने ज्या हट्टावर उभी केली तो हट्ट बाहेरून आलेल्या चिठ्ठीने मोडला, तर भावांनी स्वतः काहीच केले नाही असे होते. इथेही पर्याय सुचवू नये. 'चिठ्ठी काढून टाकली तर या दोघांना एकमेकांशी थेट बोलावेच लागेल असे काय घडू शकते?' एवढे विचारून थांबावे.

अभिप्राय तोंडी देण्यापेक्षा लेखी द्यावा, कारण चारचौघांत ऐकलेल्या टीकेतले लेखकाला फक्त बोचलेले शब्द आठवतात, आणि कागद मात्र आठवड्याने शांतपणे पुन्हा वाचता येतो. तोंडी चर्चा व्हायचीच असेल तर आधी पटकथेचे वाचन व्हावे आणि ते लेखकाने करू नये. लेखक स्वतःच्या पंचाला स्वतःच आवाज देतो, थांबतो, आणि कागदावर जे नाही ते ऐकणाऱ्याला मिळते. दोन-तीन अनोळखी वाचकांनी भूमिका वाटून वाचावे, लेखकाने गप्प बसून फक्त हशा कुठे आला ते टिपावे, आणि चर्चेच्या वेळीही पहिली काही मिनिटे त्याने उत्तर देऊ नये. 'तसं नाही, मला असं म्हणायचं होतं' हे वाक्य त्याच्या ओठांवर येईल, पण पडद्याशेजारी उभे राहून त्याला ते प्रेक्षकांना सांगता येणार नाही.

या साऱ्यावर तीन आक्षेप मला ऐकायला मिळाले आहेत. विनोद ही ज्याच्या त्याच्या आवडीची गोष्ट आहे, तिला मोजमाप कसले, हा पहिला. हसू येणे वैयक्तिक आहे हे खरे, पण पंचासाठी लागणारी माहिती आधी दिली होती का, पात्राला काही हवे होते का, तेच दृश्य चौथ्यांदा आले का, या गोष्टी पानावर दाखवता येतात. नव्या मुलांचे मन मोडेल, हा दुसरा. मन मोडते ते मोघम शेऱ्याने आणि सभागृहातल्या शांततेने. 'पान आठ उत्तम, पान नऊवर निरोपाचा खेळ पाचव्यांदा आला' असे वाचून कुणी लिहिणे सोडत नाही. उलट आपले लेखन कुणी तरी पानन् पान वाचले याचेच त्याला अप्रूप वाटते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. वाचणार कोण आणि वेळ कुणाला? ज्या शहराला आपण नाट्यपंढरी म्हणतो, जिथे दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनी विष्णुदास भावे गौरवपदक दिले जाते, जिथे राज्य नाट्य स्पर्धेत वर्षानुवर्षे काम केलेले दिग्दर्शक, नट आणि निवृत्त मराठीचे शिक्षक प्रत्येक पेठेत आहेत, तिथे दहा जाणते वाचक मिळू नयेत हे मला पटत नाही. त्यांना आजवर कुणी विचारलेले नाही. त्यांतल्या अनेकांना पटकथेची मांडणी नवी वाटेल, पण दृश्य कुठे रेंगाळते हे त्यांना पडद्यावरच्या कोणत्याही पंडिताइतकेच कळते, कारण त्यांनी ते रंगमंचावर उभे राहून अनुभवले आहे.

व्यवस्थाही फार मोठी लागत नाही. स्पर्धेने लघुपट स्वीकारण्याच्या तारखेच्या दोन महिने आधी पटकथा मागवावी, एका वाचकाकडे सहा-सातपेक्षा जास्त पटकथा देऊ नयेत, प्रत्येकीवर एक-दीड पानाचा अभिप्राय तीन आठवड्यांत परत यावा, आणि तो लेखकाने मानलाच पाहिजे अशी अट ठेवू नये. वाचणाऱ्याने पुढे त्याच स्पर्धेचे परीक्षण करू नये, नाही तर आपली सूचना पाळली गेली की नाही हेच तो पाहत बसेल. वाचकाला मानधन द्यावे, थोडे का होईना, कारण फुकटच्या वाचनात घाई होते आणि उशिराबद्दल विचारताही येत नाही. हा पैसा कुठून आणायचा असे आयोजक विचारतील. उद्घाटनाचे फलक, पाहुण्यांचे सत्कार, शाली, हार आणि मानचिन्हे यांवरच्या खर्चातला काही भाग त्यांनी या कामाकडे वळवावा, आणि पहिल्या वर्षी केवळ विनोदी विभागापुरता हा प्रयोग करून पाहावा.